रिपोर्टमध्ये हाडंच हाडं, स्नायू कुठेयत?

आईचा डावा खुबा सहा-सात वर्षं दुखतोय, शेवटी यंदा ऑपरेशन करायचं ठरलं. तिची वाटी जन्मापासूनच उथळ, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा त्यात पूर्ण बसतच नाही, त्यामुळे नुसत्या एक्सरेवर भागणार नव्हतं, नवी वाटी कुठे आणि केवढी बसवायची हे बघायला सीटी करून घेतला. रिपोर्ट दीड पानांचा. सांध्यातली फट संपलीय, हाडाच्या कडा वाढल्यात, आत सिस्ट म्हणजे पोकळ्या आहेत, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. स्नायूंबद्दल मात्र एक ओळ नाही, एकसुद्धा!

हे मला खटकलं कारण ऑर्थोच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आईला "काकू, नुसत्या डाव्या पायावर उभ्या राहा बघू" असं सांगितलं होतं, ती उभी राहिली आणि कंबरेची उजवी बाजू धपकन खाली गेली. तेवढ्यावरून ते म्हणाले, बाजूचा स्नायू ढिला पडलाय, सांधा नवा बसवला तरी याच्यावर मेहनत घेतली नाही तर चालताना लचक राहील. ही टेस्ट ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन सर्जनची, १८९५ सालची.

हा बाजूचा स्नायू म्हणजे ग्लुटियस मीडियस. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो, तेव्हा कंबर आडवी धरून ठेवायचं काम याचं. आणि तो सांध्याच्या अगदी जवळून ओढत असल्यामुळे त्याला जोर जास्त लावावा लागतो, म्हणून एका पायावर उभं राहिलं तरी खुब्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरायची ती यासाठीच, तिचा आधार मिळाला की या स्नायूला कमी ओढावं लागतं. आई दोन वर्षं ती डाव्या हातात धरून फिरत होती आणि आम्ही कोणी काही बोललो नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हतं.

तर सीटीची सीडी घरी होती, मी कोडिंगवाला माणूस, रविवार रिकामा. टोटल सेगमेंटेटर म्हणून एक फुकट सॉफ्टवेअर आहे, स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधल्या लोकांनी २०२३ मध्ये त्याचा पेपर काढला, १२०४ सीटी वापरून बनवलेलं आणि तेव्हा शरीरातले १०४ भाग आपोआप वेगळे करणारं. त्यात ग्लुटियसचे तिन्ही स्नायू, दोन्ही बाजूंचे, आहेत. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडला, मी चहा करून आलो तोवर रंगीत चित्र तयार. डावा मीडियस उजव्याशेजारी ठेवला तर डोळ्यालाच कळत होतं, बारीक आणि आत चिरा पडल्यासारखा.

त्या चिरा म्हणजे चरबी. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट म्हणतात, पाणी ०, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, चांगला स्नायू ५०-६० च्या आसपास. (हाउन्सफील्ड हा ईएमआय कंपनीतला इंजिनियर, हो तीच रेकॉर्डवाली ईएमआय, त्याला १९७९ चं नोबेल मिळालं.) स्नायू वापरात नसला की नुसता आकसत नाही, त्याच्यात चरबी भरते आणि सरासरी आकडा खाली येतो. म्हणजे टेप लावून मांडी मोजली तर माप ठीक दिसेल पण आतला माल बदललेला. आईच्या उजव्या मीडियसचा आकडा चाळिशीत होता, डाव्याचा विशीतही नाही.

डॉक्टर लोकांना हे नवीन नाही. १९९४ मध्ये गुतालिए नावाच्या फ्रेंच सर्जनने खांद्याच्या स्नायूंतली चरबी सीटीवर बघून ० ते ४ ग्रेड द्यायची पद्धत काढली, तीच पुढे खुब्यालाही लावतात. पण ती नजरेने, एकजण २ म्हणेल, दुसरा ३. आणि नीट मोजायचं म्हणजे सीटीच्या एकेका स्लाइसवर, म्हणजे शरीराच्या एकेका पातळ कापाच्या चित्रावर, माउसने स्नायूची कड गिरवत बसायचं, शेकडो स्लाइस. कोण करणार? म्हणून रिपोर्टमध्ये ओळ नाही, माझा तरी अंदाज असाच.

या कामात जपानवाले फार पुढे आहेत, आणि त्याचं कारण आमच्या घरचंच आहे, तिकडे खुब्याचा संधिवात बहुतेक वेळा अशाच उथळ वाटीमुळे होतो. नारा इथली तंत्रज्ञान संस्था आणि ओसाका विद्यापीठाचा ऑर्थो विभाग यांनी मिळून २०२० मध्ये जे छापलं ते मला सगळ्यात आवडलं. कंबर-मांडीचे १९ स्नायू वेगळे करायचे, तेही फक्त २० सीटी हाताने पूर्ण गिरवून शिकवलेल्या मॉडेलने, आणि वर ते मॉडेल 'इथे मला खात्री नाही' हेही दाखवतं, जिथे शंका तिथे वेगळा रंग. माझ्या रविवारच्या उद्योगात ही सोय नव्हती. आईच्या डाव्या मिनिमसचा (मीडियसच्या खालचा छोटा ग्लुटियस) अर्धा भाग सॉफ्टवेअरने चरबी समजून सोडून दिला होता, ते मला स्लाइस पुढेमागे करताना दिसलं, नुसता आकडा बघितला असता तर कळलंच नसतं. म्हणजे स्नायू जितका खराब तितकी मोजणी कच्ची, आणि नेमकी तिथेच ती पक्की हवी. शिवाय त्या सॉफ्टवेअरवर स्वच्छ लिहिलंय की हे वैद्यकीय उपकरण नाही, तेव्हा उद्या कोणी माझ्यासारखं करून डॉक्टरांशी वाद घालायला जाऊ नये.

मी वाद घातला नाही, फक्त प्रिंट दाखवली. डॉक्टरांनी मिनिटभर निरखून बघितली, म्हणाले "हे आम्हाला उभं करून कळलंच होतं, पण मिनिमस इतका गेलाय हे नव्हतं माहीत". मग ऑपरेशन दीड महिना पुढे ढकलून आधी फिजिओ लावली. सहा महिन्यांनी परत सीटी करून तुलना करू असं मी उत्साहात म्हणालो तर त्यांनी उडवूनच लावलं, रेडिएशन कशाला उगाच, आणि धातूचा सांधा बसला की आजूबाजूला इतक्या पांढऱ्या रेघा येतात की मोजणार काय.

आई सध्या ओट्याला धरून रोज तीस वेळा पाय बाजूला उचलते. विसाच्या पुढे मोजताना गाळते, मी स्वयंपाकघरात असलो तर मात्र पूर्ण मोजते.