उशीखालचा बटवा

माण तालुक्यातल्या 68 वर्षांच्या आजी. चार पावलं चाललं की पाय भरून यायचे, म्हणून कमरेच्या मणक्यात दबलेल्या नसा ऑपरेशन करून मोकळ्या केल्या होत्या. मी भूलतज्ज्ञ, ऑपरेशननंतरचं दुखणं सांभाळणं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी म्हणाल्या, "ताई, आज लई बरं हाय." लघवीच्या पिशवीत मात्र रात्रभरात जेमतेम दीडशे मिली, तीही गडद.

मणक्याच्या पेशंटची लघवी कमी झाली की आधी नसांची धास्ती वाटते. पायाचे अंगठे वर उचलायला लावले, जांघेतली संवेदना पाहिली, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबलाय का बघितलं. सगळं ठीक. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, मात्र 0.9 वरून 1.8 वर गेलेलं.

चार्टवर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि केटोरोलॅक होतं, केटोरोलॅकही वयामुळे 15 मिलिग्रॅमच. बीपीची गोळी थांबवलेली होती.

"आजी, घरची कुठली गोळी घेतलीत का?"

उशीखालून बटवा निघाला. त्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली बीपीची गोळी, आणि गुडघ्यांसाठी गावच्या मेडिकलमधून आणलेली एसिक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळीची अर्धी संपलेली स्ट्रिप.

"बेल का नाही वाजवलीत?"

"त्या पोरीला किती येळा बोलवायचं? रातीला एकलीच असतीया ती."

मला राग आला, पण आजींचा नाही. दुखतंय हे सांगायलाही संकोच वाटावा, हे मला फार लागलं.

केटोरोलॅक आणि एसिक्लोफिनॅक ही एकाच घराण्यातली. दोन्ही प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज आणि ठणका उतरतो. पण अंगात पाणी कमी असलं की मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी याच प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते. ती आकसली, त्यात टेल्मिसार्टननं गाळणीतून रक्त बाहेर नेणारी पुढची वाहिनी सैल केली, की रक्त गाळायला लागणारा दाबच उरत नाही.

सूज उतरवणारी औषधं आणि बीपीची गोळी बंद करून सलाईन वाढवलं. मुलगा घाबरून म्हणाला, "मग आईनं नुसतं सहन करायचं का?" अजिबात नाही! पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, दुखो न दुखो. सोबत ट्रॅमाडॉल हे वेगळ्या घराण्यातलं दुखण्याचं औषध कमी मात्रेत, उलटीच्या औषधासह. फिजिओथेरपीच्या आधी तासभर एक डोस. रात्रपाळीच्या सिस्टरना सांगितलं, आजी बोलावणार नाहीत, तुम्हीच जाऊन विचारा. त्यांनी खरंच विचारलं, दर फेरीला.

लघवी संध्याकाळपासून वाढली. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन 1.1 होतं आणि आजी वॉकर धरून दारापर्यंत गेल्या. डिस्चार्ज कार्डावर एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही एकाच घराण्यातली नावं मोठ्या मराठी अक्षरांत लिहिली आणि खाली लिहिलं: मेडिकलमध्ये हे कार्ड दाखवा, यातली एकही गोळी आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका.