फोटोकडे दुसऱ्यांदा बघताना

अलक मला पूर्वी खूप आवडायच्या. अति लघु कथा, चार-सहा ओळींच्या, सकाळी कुठल्यातरी ग्रुपवर येतात, आपण वाचून "वा" टाकतो आणि पुढे जातो. शंभर शब्दांच्या अटीतल्या शशक (शतशब्दकथा) सुद्धा आवडीने वाचायचे, त्यात निदान शब्द मोजायची शिस्त तरी असते. पण हळूहळू लक्षात यायला लागलं की यातल्या बहुतेक गोष्टी फक्त शेवटच्या ओळीसाठी लिहिलेल्या असतात. नवरा बायकोशी गप्पा मारतोय, मारतोय, आणि शेवटी कळतं की ती भिंतीवरच्या फोटोत आहे. हे चारदा वाचलं की पाचव्यांदा दुसऱ्याच ओळीला कळतं की आता कोण गेलेलं निघणार.

कलाटणीचं असं असतं की तिच्यात लिहिणारा कायम सेफ असतो. वाचकाला चकवायचं म्हणजे त्याच्या एक पाऊल पुढे राहायचं, आणि जो पुढे आहे त्याला स्वतःचं काही दुखतंय हे दाखवायची वेळच येत नाही. वाचून आपण म्हणतो काय भारी लिहिलंय, पण कोणी काही सांगितलंय असं वाटत नाही. (सगळ्या अलक अशा नसतात हे मान्य, मारायला धावू नका.)

फोटो आणि खाली दोन-चार ओळींची गोष्ट, हा प्रकार मला धरून बसला तो याच्या बरोबर उलट कारणासाठी. तिथे चांगली गोष्ट तुम्हाला चकवत नाही, ती तुम्हाला परत वर पाठवते. म्हणजे होतं काय, आधी आपण फोटो बघतो, एखादा सेकंद, बोट स्क्रोल करायच्या तयारीतच असतं, मग ओळी वाचतो, आणि मग फोटोकडे परत जातो. गोष्ट घडते ती या दुसऱ्या बघण्यात. पहिल्यांदा तिथे नुसता फोटो होता आणि आता त्यात काहीतरी आहे, आणि ते लेखकाने दाखवलेलं नाहीये, आपल्यालाच सापडलंय.

माझ्याकडचंच एक सांगते. मी आणि माझा भाऊ, दोघंही लहान, भर उन्हात डोळे बारीक करून उभे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, तेव्हा असाच काढायचे कारण प्रकाश चेहऱ्यावर यायला हवा, त्यामुळे आमचे डोळे मिटायला आलेले आणि पुढे जमिनीवर एक लांब सावली पडलेली, कोपर वर केलेली. तांत्रिकदृष्ट्या वाया गेलेला फोटो. त्याच्याखाली मी लिहिलं होतं: "बाबा, मी आणि दादा. आमच्या तिघांचा हा एकच फोटो."

बस, एवढंच. वाचणारा परत वर जातो, तिसरं माणूस शोधतो, आणि त्याला सावली दिसते. आता कोणी म्हणेल ही पण कलाटणीच झाली की. मला नाही वाटत. कलाटणीने गोष्ट संपते, इथून पुढे तर प्रश्न सुरू होतात, की एकच का, बाबा फोटोत का नसायचे, कायम तेच काढायचे म्हणून की आणखी काही. मी सांगितलेलं नाही. खरं सांगायचं तर मला सांगायचंही नव्हतं, आणि ते ज्याला कळायचं त्याला कळतंच, म्हणूनच पोस्ट करताना हात जरा थांबला होता.

फोटोने गोष्ट पडू शकते हेही आहे. ती सहा शब्दांची इंग्रजी गोष्ट सगळ्यांना माहितीये, बाळाच्या कधीच न घातलेल्या बुटांच्या जाहिरातीची. अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या नावावर खपते, त्याचा काही पुरावा नाही, उलट १९१० च्या एका अमेरिकन पेपरात बाळाचे न वापरलेले कपडे विकायच्या जाहिरातीबद्दल जवळजवळ तसंच छापून आलंय आणि तेव्हा हेमिंग्वे दहा वर्षांचा होता. ते असो. त्या सहा शब्दांसोबत छोट्याशा बुटांचा फोटो लावून बघा. मेली गोष्ट. जे मनात दिसत होतं ते समोर आलं आणि विषय संपला. त्याच ओळीसोबत अर्धी रंगवलेली भिंत असती तर? किंवा नुसता कोणाचातरी हात, पेन धरलेला? जाहिरातीचा मजकूर लिहिणारा हात. मला हा दुसरा जास्त आवडला असता, कारण त्यात आपल्याला त्या माणसाशेजारी बसावं लागतं.

त्यामुळे माझा एक नियम झालाय, फोटोत जे दिसतंय ते वाक्य खोडायचं. पाऊस दिसतोय ना, मग पाऊस लिहायचा नाही. ती उदास दिसतेय ना, मग उदास हा शब्द गेला. लिहिताना पंधरा ओळी होतात आणि हे करत गेलं की तीन उरतात, कधीकधी काहीच उरत नाही, तेव्हा कळतं की माझ्याकडे गोष्ट नव्हतीच, फोटो चांगला होता एवढंच. मावळतीचा सूर्य आणि खाली "काही नाती अशीच मावळतात" टाइपचं जे चालतं ना, त्यात नेमकं हेच होतं, दोन्ही एकच गोष्ट सांगतात आणि दोन्हीमागे माणूस कोणी नसतो.

माणूस असणं म्हणजे काय हे बघायचं तर डुएन मायकल्स. अमेरिकन फोटोग्राफर, १९७० च्या दशकात तो फोटोच्या प्रिंटवर खाली हाताने लिहायला लागला. त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे, पलंगाच्या कडेला बसलेलं जोडपं, ती त्याला मागून मिठी मारून आहे, दोघं खूश. खालच्या ओळींमध्ये तो माणूस सांगतोय की हा फोटो माझा पुरावा आहे, तेव्हा सगळं ठीक होतं, तिचं माझ्यावर प्रेम होतं, बघा तुम्हीच. आता फोटोत सगळं आनंदी आहे आणि ओळींमध्येही दुःखाचा शब्द नाहीये. पण ज्याला पुरावा दाखवावा लागतो त्याच्यावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही, बहुतेक त्याचा स्वतःचासुद्धा नाही, आणि हे तो बोलत नाही, ते आपल्याला कळतं. परत वर बघितलं की तीच मिठी बघवत नाही.

आणि मग सोफी काल (Sophie Calle). हिच्याबद्दल मी कोणालाही पकडून बोलू शकते. फ्रेंच आर्टिस्ट, फोटो आणि छोटा मजकूर हेच तिचं मुख्य काम. १९८४ मध्ये तिला जपानला जायची तीन महिन्यांची स्कॉलरशिप मिळते, तिचा प्रियकर म्हणतो एवढे दिवस लांब राहिलीस तर मी विसरेन, ती तरी जाते. ठरतं असं की शेवटी दिल्लीत भेटायचं. तो येत नाही. जानेवारी १९८५, हॉटेलची २६१ नंबरची खोली, फोनवर कळतं की त्याला दुसरी कोणी भेटलीये. त्या खोलीतल्या पलंगावरच्या लाल फोनचा तिने फोटो काढला.

परत आल्यावर तिने काय केलं, तर जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगायची आणि बदल्यात विचारायचं की तुला आयुष्यात सगळ्यात जास्त कधी दुखलं. पुढे त्याचं प्रदर्शन आणि पुस्तक झालं, 'एक्स्क्विझिट पेन', पण ते बऱ्याच वर्षांनी, पुस्तक तर २००३ मध्ये, कारण तिला भीती होती की परत त्यात हात घातला तर परत तेच सुरू होईल. त्यात एका बाजूला दर वेळी तोच लाल फोन, तोच फोटो, आणि खाली तिची तीच गोष्ट पुन्हा. दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कोणाची तरी. आणि पानं उलटत गेलं की तिची गोष्ट लहान होत जाते. सुरुवातीला भरपूर तपशील, राग, तो कसा, मी कशी. मग थोडं कमी, मग अजून कमी, आणि काळ्यावरची अक्षरंसुद्धा फिकी होत जातात, शेवटी शेवटी तर वाचायला डोळे ताणावे लागतात.

मला यातलं जे सोडत नाही ते हे, की गोष्ट लहान झाली ती एडिटिंग करून नाही, ती सांगून सांगून झाली. शेजारी कोणाचं मूल गेलेलं, कोणाच्या वडिलांची बातमी, अशा गोष्टींच्या बाजूला आपला न आलेला प्रियकर तिला स्वतःलाच हळूहळू लहान दिसायला लागला असणार. आणि फोटो मात्र तेवढाच, तसाच लाल. पहिल्यांदा तो फोन बघताना अंगावर येतो आणि नंतर नंतर तो नुसता फोन होतो, म्हणजे दुसऱ्यांदा बघण्याचं जे मी वर म्हणत होते ते तिने उलटं करून दाखवलंय, दर वेळी फोटोतून काहीतरी कमी होत जातं. मनातलं उघडं करणं म्हणजे एकदा रडून मोकळं होणं असं आपण धरून चालतो. हिने ते कंटाळा येईपर्यंत केलं. तिचंच ठरलेलं होतं की स्वतःच्या गोष्टीचा कंटाळा आला की थांबायचं, आणि तीन महिन्यांत ती बरी झाली.

बाकी आपल्यासारख्यांचं उघडं पडणं फार छोटं असतं पण असतं. 'मी' घालून चार ओळी लिहिल्या आणि वर खरा फोटो लावला की लोक ती गोष्ट म्हणून वाचतच नाहीत. नुसती कथा असली तर "छान लिहिलंस". फोटो असला की मेसेज येतो, "बरी आहेस ना?" कारण फोटो साक्षीला उभा असतो, हे झालं होतं असं तो म्हणतो, मग खालची ओळ पूर्ण बनवलेली का असेना. मी एकदा रिकाम्या वेटिंग रूमचा फोटो टाकून खाली "माझा नंबर लागेपर्यंत तो थांबला होता" एवढंच लिहिलं, सगळं काल्पनिक, तर दोन मावश्यांचे फोन. मी सांगितलं काही नाहीये मावशी, गोष्ट आहे. त्यावर त्यातली एक म्हणाली, "बरं, पण सुचलं कशावरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण मावशीला देण्यासारखं नव्हतं.

फोटो न लावणं हाही एक प्रकार असतो. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने १९८० च्या फोटोग्राफीवरच्या पुस्तकात आईच्या एका फोटोबद्दल पानंच्या पानं लिहिलीयेत. आई १९७७ मध्ये गेली, जुने फोटो चाळताना त्याला ती पाच वर्षांची असतानाचा, १८९८ चा एक फोटो मिळाला आणि त्यात त्याला ती 'सापडली'. पुस्तकात इतर फोटो आहेत, हाच नाही. का, तर तुमच्यासाठी तो चारचौघांसारखा एक जुना फोटो असेल, जखम फक्त त्याची. पटतं, आणि थोडा रागही येतो.

यातलं मला सगळ्यात अवघड जातं ते म्हणजे दुसऱ्यांचे चेहरे. अनोळखी माणसाचा फोटो घ्यायचा आणि खाली आपल्या मनातलं दुःख चिकटवायचं, हे फार सोपं आहे आणि खूप लाइक्स मिळवून देतं. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा तो १९३६ चा 'मायग्रंट मदर' सगळ्यांनी पाहिलाय, गालाला हात लावलेली बाई, खांद्यावर तोंड लपवलेली दोन मुलं. लँगने तिचं नाव विचारलं नव्हतं, वय बत्तीस एवढं नोंदवलं, आणि सोबत लिहिलं की यांनी नुकतेच गाडीचे टायर विकून खायला आणलंय. एका ओळीची गोष्टच ती, आणि काय गोष्ट. ती बाई, फ्लॉरेन्स थॉम्पसन, जगासमोर नावाने आली ती थेट १९७८ मध्ये. फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं असं तिचं म्हणणं होतं. आणि टायरचं म्हणाल तर तिच्या मुलाने सांगितलं की आम्ही टायर विकणं शक्यच नाही, विकायला जास्तीचे टायर होते कुठे.

लँग खोटं बोलली असं मला म्हणायचं नाही, घाईत दुसऱ्याच कुटुंबाची नोंद मिसळली असेल, तसं मानणारे लोक आहेत. पण बघा ना, फोटोमधली बाई बेचाळीस वर्षं जगाच्या समोर उघडी होती आणि त्या उघडेपणातलं एक वाक्यही तिचं नव्हतं. त्यामुळे मी अनोळखी चेहरे वापरत नाही. पाठी, हात, सावल्या, खुर्च्या चालतील. मित्र म्हणतात याने पोस्ट्स सगळ्या सारख्या दिसतात. दिसू देत.

घरच्यांचे वापरते, पण विचारून. ते सावलीवालं पोस्ट करायच्या आधी दादाला पाठवलं होतं. त्याने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही, मला वाटलं चिडला. मग फोटो परत माझ्याकडेच आला, खाली त्याची गोष्ट: "ऊन नव्हतं एवढं. फोटोच्या आधी मी मार खाल्ला होता."

मला हे आठवतच नाही. मी शेजारी उभी आहे, माझा हात त्याच्या हातात आहे, आणि मला आठवत नाही. मी विचारलं कशासाठी रे, तर म्हणाला तू म्हणतेस ना सगळं सांगायचं नसतं. मग दोन्ही गोष्टी एकाखाली एक टाकल्या, आधी माझी, मग त्याची. त्याच्या ओळीला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रतिक्रिया आल्या आणि हे तो दर भेटीत ऐकवतो, आता म्हणतोय अल्बम आण, अजून लिहितो.