शिळोप्याची वेळ

दुपारी दीडच्या सुमारास एक पोरगा टेप घेऊन दारात उभा राहिला. पुण्याहून आमच्या चिरंजिवांनी फोनवरून पाठवलेला. "काका, अंगणाचं माप घ्यायचंय. पेव्हर ब्लॉक." धुळ्यातली मार्चअखेरची दुपार. बिचाऱ्याने रीत म्हणून चपला फाटकाशी काढल्या, चार पावलं टाकली आणि उड्या मारत परत जाऊन घातल्या. चौतीस बाय अठरा. ओट्याच्या कडेला त्याने खडूने ६१२ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"झाडाभोवती गोल सोडू, दोन फुटांचा. एकदा बसवले की झाडझूडच नको बघा. पाइप मारला की झालं."

आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही रात्री अडीचला, तेव्हा पाइपाचं सोडून देऊ. मी त्याला पाणी दिलं आणि कळवतो म्हणालो. तो गेला, पण 'झाडझूडच नको' हे वाक्य ओट्यावर बसून राहिलं. समोर निंबाची पानगळ चालली होती. सकाळी झाडलेलं अंगण दुपारपर्यंत पुन्हा पिवळं झालं होतं.

आजी असती तर त्या पोराला विचारलं असतं, मग चार वाजता मी करू काय?

चार, साडेचार. ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं की आजी उठायची. पदर खोचायचा, तुराटीचा खराटा घ्यायचा, फाटकापासून सुरुवात. पाला निंबाच्या आळ्यात. मग भांडी विसळलेल्या पाण्याचा सडा, बादलीतून हाताने, ओंजळ ओंजळ. मी मधे आलो की एकच वाक्य, "सरक, देव उना तं काय म्हनी?"

देव येणार याबद्दल तिला शंका नव्हती. बायबलात उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंच आहे की शिळोप्याच्या वेळी परमेश्वर देव बागेत फिरत होता. त्या अध्यायात पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आदाम-हव्वा झाडांत लपतात आणि पुढचं सगळं रामायण. आजीला त्याच्याशी घेणं नव्हतं. देव संध्याकाळच्या गारव्यात फिरायला निघतो, एवढं तिला पुरलं. आता फिरत फिरत आपल्या गल्लीत आला तर?

मला मात्र बरीच वर्षं वाटायचं की शिळोप्याचा संबंध शिळ्या भाकरीशी आहे. सकाळची कळण्याची भाकरी, वर तेल-तिखट, हे आमचं चारचं खाणं. देवही तेच खाऊन निघत असेल, असा माझा हिशेब. रविवारच्या शाळेत मी हे बोलून दाखवलं आणि बाईंनी बाकावर उभं केलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, खात असेल, तुला काय त्रास?

तिचं माहेर नंदुरबारकडचं, मिशन कंपाउंडात वाढलेली. तेव्हा तो पश्चिम खानदेश, नंदुरबारचा वेगळा जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं. तिथल्या मिससाहेबांनी वाटांच्या दोन्ही बाजूंना चुना मारलेले दगड लावले होते. आजीनेही आमच्या अंगणात तसे लावले. नाताळच्या आठवडाभर आधी चुना भिजवायचा, दगडांना एक हात, ओट्याला एक हात. दिवाळीतच घेऊन ठेवलेला ताऱ्याचा कंदील निंबाला टांगला की झाली तयारी.

आजोबा पांझरेकाठचे, फड बागायतीच्या गावातले. बंधाऱ्यातून पाट निघायचा, पाटकरी पाणी सोडायचा आणि जागल्या पिकाची राखण करायचा. त्यामुळे एदेन बागेत माणसाला मशागत आणि राखण करायला ठेवलं, हे वचन आलं की आजोबा खुश. मशागत तुझी, राखण माझी, असं आजीला सांगून ते काठी घेऊन ओट्यावर बसायचे. राखण म्हणजे शेजारच्या शेळ्या हाकलणं. शेळ्या आल्याच नाहीत तर झोप.

त्यांचं भांडण व्हायचं ते रविवारी. विसाव्याचा दिवस, खराट्याला हात लावायचा नाही, असं आजोबांचं म्हणणं. पण निंबाला वार कळत नाही. उपासनेहून आल्यावर आजी दहा मिनिटं ओट्यावर पाल्याकडे बघत बसायची आणि मग उठायची. शब्बाथाला विहिरीत पडलेला बैल काढलेला चालतो, येशूनेच विचारलंय, मग पाला का नाही? आजोबा म्हणायचे, पाला विहिरीत पडलेला नाही. ती म्हणायची, विहीर असती तर पडला असता. हे दर रविवारी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मात्र तीही खराटा उचलायची नाही. त्या दिवशी अंगणभर पाला तसाच, वर निंबाचा मोहोर पडत राहिलेला, आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. निंबाच्या मोहोराचा वास आला की मला अजून आवाज खाली घ्यावासा वाटतो.

उन्हाळ्यात अंगण आमचं राहायचं नाही. गल्लीभरच्या बायका खाटा टाकून त्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या, आम्ही ओले बिबडे चोरायचो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, निंबाला झोका बांधला जायचा. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत उंच उंच झोके घ्यायच्या. मंडळीतल्या एका गृहस्थांना ते खटकलं. ख्रिस्ती माणसाच्या अंगणात आखाजीची गाणी? आजी सडा टाकत होती. न थांबता म्हणाली, "निंब काय बाप्तिस्मा लिसन उगना का?"

ते गृहस्थ पुढे दरवर्षी बिबडे न्यायला यायचे.

आता खराटा माझ्याकडे आहे. निवृत्त झाल्यापासून साडेचारला मी निघतो, फाटकापासून सुरुवात. पुरुष माणूस अंगण झाडतोय याचं गल्लीला पहिले सहा महिने अप्रूप होतं, मग संपलं. एक खोड मात्र मला जडली आहे. झाडून झाल्यावर मातीत खराट्याच्या ज्या अर्धगोल रेघा उमटतात, त्यांवर लगेच कोणी पाय दिलेला मला खपत नाही. कुरिअरवाल्याला मी फाटकातच थांबवतो. सौ. म्हणते, तुमचा देव तरी आत कसा येणार मग? याला माझ्याकडे उत्तर नाही. मी प्रार्थनेत पेंगणारा माणूस, वचनं पाठ नाहीत, उपासनेला मागच्या बाकावर. धर्माचं म्हणून रोज न चुकता करतो ते हे एवढंच, आणि तेही अर्ध्याहून जास्त सवयीने.

पेव्हरवर रेघा उमटत नाहीत. पण मुलाला सांगायला हे कारण आहे का? गाडी आत लागेल, चिखल होणार नाही, तुमचे गुडघे दुखतात. सगळं खरं आहे. खडूचा आकडा अजून ओट्यावर आहे. मी तो पुसलेला नाही, आणि त्या पोराला फोनही केलेला नाही.

ईस्टर जवळ आलाय. आम्ही पहाटे अंधारातच मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातो. मरिया कबरेपाशी येते, समोर येशू उभा असतो, आणि तिला तो माळी वाटतो, हा भाग तिथे वाचतात. त्यावर आजी दरवर्षी माझ्या कानाशी पुटपुटायची, माळीच होता, ती चुकली कुठे?

गेल्या वर्षी तिच्या कबरेवर पाल्याचा थर होता. तिथेही निंब आहे, मोठा. मी हातानेच सारायला लागलो, पण मागे माणसं खोळंबली होती, गाणं सुरू झालं होतं. निम्मं झालं, निम्मं तसंच राहिलं.

या वर्षी खराटा बरोबर न्यायचा. रविवार असला तरी.