कंपनीवाल्यांना आधी कळत नाही का?

मंठ्यात माझं बी-बियाण्याचं छोटं दुकान आहे. त्याआधी चौदा वर्षं मी जालन्यात एका लहानशा बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये होतो. गिऱ्हाइकांना हे माहीत आहे, म्हणून जून उजाडला की एक प्रश्न ठरलेला. बॅग खांद्यावर घेता घेता कोणीतरी विचारतंच, "साहेब, बी उगवणार नाही हे कंपनीवाल्यांना आधी कळत नाही का हो?" कोणी चिडून विचारतो, कोणी सहज. गर्दीत गल्ल्यावर बसून याचं उत्तर देता येत नाही. मी चहा मागवतो नि विषय बदलतो. यंदाही तुम्ही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कळतं. आठ दिवसांत कळतं.

सोयाबीनची तपासणी अशी असते. लॉटच्या, म्हणजे एकत्र तयार केलेल्या बियाण्याच्या साठ्याच्या, नमुन्यातले ४०० दाणे घ्यायचे, शंभर-शंभरच्या चार फेऱ्या करायच्या. ओल्या कागदावर ओळीनं मांडून कागदाची गुंडाळी करायची आणि २५ अंशांच्या कपाटात उभी ठेवायची. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून मोजणी. आमच्याकडे तिघी मावश्या मोजायच्या. चांगलं रोप एकीकडे, विकृत रोप दुसरीकडे, मेलेला दाणा वेगळा, फुगलाच नाही असा कडक दाणा वेगळा. कायद्यानं सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते आणि त्यात विकृत रोप धरत नाहीत.

मेलेल्या दाण्यावर वाद नसतो. बोटानं दाबला की पिचतो, घाण वास येतो. सगळी गोम विकृत रोपात. सोयाबीनचं टरफल पातळ आणि अंकुर लगेच त्याखाली. मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोती आपटली, की आत मार बसतो. अशा दाण्याला मोड येतो खरा, पण दलाचा, म्हणजे दाण्यातल्या डाळीचा, तुकडा पडलेला असतो, नाहीतर मूळ खुंटलेलं. नियम सांगतो की दल निम्मं किंवा त्याहून जास्त शाबूत असेल तर रोप चांगलं धरा. आता निम्मं आहे की निम्म्याला कमी, हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर. ४०० मधली वीस-चोवीस रोपं या ढिगातून त्या ढिगात गेली की ६५ चे ७१ होतात. खोटा आकडा कुठंच लिहावा लागत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. केलेलं आहे.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. मे अखेर, गेटवर ट्रक लागलेले, दुकानदारांचे बुकिंगचे पैसे आलेले, आणि एक लॉट ६६ वर अडकला. प्लँट मॅनेजर लॅबमध्ये आले. माणूस लाखातला, माझ्या बहिणीच्या लग्नात दोन दिवस पंगतीत वाढायला उभे होते. त्यांनी रजिस्टर बघितलं आणि म्हणाले, "बघा जरा." बस, एवढंच. खोटं लिहा असं ते बोलले नाहीत, मलाही तसं ऐकू आलं नाही. मी गुंडाळ्या पुन्हा उलगडल्या. आणि त्या घडीला मला मनापासून वाटलं की सकाळी आपण जरा कडकच मोजलं होतं. ७० भरले. सही केली. रात्री झोपही नीट लागली.

त्या वर्षी मृग वेळेवर बरसला, ओल चांगली होती, एक तक्रार आली नाही. तक्रार आली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं. कारण पुढच्या मे महिन्यात "मागच्या वेळी काय झालं होतं?" हा दाखला तयार होता, आणि तो मॅनेजरनं नाही, मीच स्वतःला दिला.

माझी मुलगी संभाजीनगरला एमबीए करते. तिच्या अभ्यासात फोर्ड कंपनीच्या पिंटो गाडीचं प्रकरण आहे. मागून ठोकर बसली की टाकी फुटून गाडी पेट घ्यायची. डेनिस जिओया नावाचा माणूस तिथं गाड्या परत बोलावण्याच्या कामावर होता. पिंटोच्या जळिताचे अहवाल त्याच्यापुढे आले होते, तरी गाड्या परत बोलवू नयेत असंच त्याचं मत पडलं. पुढे १९७८ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास गाड्या परत घ्याव्या लागल्या. तो नंतर प्राध्यापक झाला आणि १९९२ मध्ये त्यानं स्वतःच लिहिलं, की त्या वेळी यात नीती-अनीतीचा प्रश्न आहे हेच त्याला दिसलं नव्हतं. रोज फायलींचा ढीग. ठरलेल्या साच्यात बसेल तीच अडचण, बाकी पुढे ढकला. तो स्वतः पिंटोच चालवायचा आणि पुढे ती त्यानं बहिणीला विकली! मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरीच, असं कसं दिसणार नाही?" मी काही बोललो नाही. मला त्या ६६ च्या गुंडाळ्या आठवत होत्या.

तर तुमच्या प्रश्नातली गफलत "कंपनीवाले" या शब्दात आहे. तिथं कळणारा असा एक माणूस नसतो. प्लँटला वाटतं, लॅब बघून घेईल. लॅबला वाटतं, आपण आकडा द्यायचा, माल सोडायचा की नाही ते मार्केटिंग ठरवेल. मार्केटिंग म्हणतं, लॅबची सही आहे ना? दुकानदार लेबल दाखवतो. कळण्याचा एकेक तुकडा प्रत्येकाच्या टेबलावर पडलेला असतो. शिवाय आमच्याकडे "बी" हा शब्द कोणी उच्चारतच नव्हतं. माल, लॉट, डिस्पॅच. बी म्हटलं की शेत आठवतं.

मी सुधारलो तो काही साक्षात्कार होऊन नाही. एका दुपारी आमच्यातल्या जुन्या मावशीनं चिमट्यात एक रोप धरलं आणि विचारलं, "साहेब, हे कुठं ठेवू?" दल अर्ध्याहून जास्त तुटलेलं, विकृत म्हणजे विकृतच. ती माझ्याआधीपासून मोजत होती, पूर्वी कधी विचारायची नाही. आता विचारायला शिकली होती. कोणाकडून शिकली, ते मला विचारू नका.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. नमुन्यावरचा लॉट नंबर झाकून त्याला संकेतांक द्यायला लागलो, म्हणजे कोणता ट्रक कशासाठी थांबलाय हे मोजणाऱ्याला कळू नये. आणि जिनं मोजलं तिनं तिथंच पेनानं आकडा लिहून सही करायची, पेन्सिल बंद. शेठजींना खरं कारण सांगितलं नाही. मोजणीत फार फरक पडतोय, एवढंच म्हणालो. तेवढं धैर्य नव्हतं.

२०१९ चं सोयाबीन तुम्हाला आठवत असेल. ऐन काढणीत, ऑक्टोबर अखेरीस, पावसानं गंजी भिजल्या. त्याच मालातून २०२० चं बियाणं निघायचं होतं. एप्रिलमध्ये एक २०० क्विंटलचा लॉट आला ६१ वर. पुन्हा लावला, ६०. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "बघा जरा." आता बघायला काही उरलं नव्हतं, मावशीचा आकडा पेनानं लिहिलेला होता. मी फक्त एक हिशेब मांडला. ३० किलोची बॅग, एकराला एक बॅग. २०० क्विंटल म्हणजे साडेसहाशेच्या वर एकर. शेठजींनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "मोंढ्यात टाका." पेरणीचं औषध लावलेलं नव्हतं म्हणून बाजारात धान्याच्या भावानं गेला. नुकसान चांगलं सणसणीत झालं. मार्केटिंगवाले महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नोकरी मात्र त्यापायी गेली नाही. ती मी नंतर वडिलांच्या आजारपणात सोडली. काही जण गोष्ट उगीच रंगवून सांगतात, म्हणून हे लिहिलं.

त्या जूनमध्ये मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही. दुबार पेरण्या झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तक्रारी आमच्याही आल्या, त्याही ७२ वर पास झालेल्या लॉटच्या. ते ७२ खरे होते, मी छातीठोक सांगतो. पण लॅबमधली गुंडाळी म्हणजे लाडाची माहेरवाशीण. शेतात पाऊस उघडतो, वर पापुद्रा धरतो, दाणा खोल पडतो.

परतूरकडच्या एका वावरात तालुका समितीबरोबर पंचनाम्याला गेलो होतो. म्हातारबाबांनी बोटानं पेरणीचं तास, म्हणजे ओळ, उकरली आणि फुगून सडलेले पाच-सहा दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी म्हणालो, "बाबा, आमच्याकडे ७२ टक्के उगवण आली होती." त्यांनी बॅगेवरचं लेबल नातवाकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "मंग हे अठ्ठावीस कुठं लिवलेत?"

लेबलवर किमान ७० एवढंच असतं. कायद्याला तेवढंच पुरतं.

आता दुकानात आलेल्या प्रत्येक लॉटचे १०० दाणे मी ओल्या गोणपाटात लावतो आणि जेवढे उगवले तेवढा आकडा बिलावर हातानं लिहितो. एका कंपनीच्या प्रतिनिधीला ते आवडलं नाही, त्यानं माल द्यायचा बंद केला. तुम्हीही घरी लावून बघा, सत्तरच्या खाली आले तर पेरताना बी वाढवा.

आणि विचारलंच आहे तर हेही सांगतो. मागच्या जूनला पाऊस अचानक लागला, दुकानासमोर पहाटेपासून रांग होती, आणि दोन लॉट लावायचे राहिले. त्या बिलांवर मी आकड्याची जागा मोकळी सोडली. कोणी विचारलं नाही.