तुम्ही विचारलंत म्हणून: सराव पेपरवरून खरे मार्क किती?

परीक्षा जवळ आली की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ‘सराव पेपरचे मार्क स्प्रेडशीटमध्ये टाकले, तर खऱ्या परीक्षेत किती पडतील ते कळतं का?’ कळतं, पण एक आकडा मागू नका, पट्टा मागा.

समजा, 100 मार्कांच्या सहा सराव पेपरांत 66, 58, 73, 54, 71, 62 पडले. सरासरी 64. मी पहिल्यांदा अशी शीट केली तेव्हा सगळ्यात चांगले तीन पेपर तेवढे धरले होते, कारण बाकीच्या दिवशी ‘झोप नीट झाली नव्हती’. इथे तसं केलं तर सरासरी थेट 70 होते. हे सहा मार्क फुकटचे आहेत. झोप न झालेला दिवस परीक्षेच्या वाट्यालाही येऊ शकतो, म्हणून वाईट पेपर शीटमध्ये राहिलाच पाहिजे.

आता मार्क किती वरखाली होतात ते बघा. मार्क सरासरीपासून साधारण किती लांब जातात ते सांगणारं स्प्रेडशीटचं एसटीडीईव्ही (STDEV) हे सूत्र 7.4 देतं. सरासरी स्वतःच सहाच पेपरांवर उभी आहे, तेव्हा ती चुकण्याची शक्यताही धरायची, मग 7.4 चे जवळपास 8 होतात. इतक्या थोड्या पेपरांसाठी त्याला साधारण दीडने गुणलं की 12 येतात, आणि 64 च्या खाली-वर 12 धरले की 52 ते 76 हा पट्टा मिळतो. परीक्षाही सराव पेपरांसारखीच असेल, तर पाचातल्या चार वेळा मार्क या पट्ट्यात पडावेत. एवढा रुंद पट्टा बघून मुलं नाराज होतात, पण सहा पेपरांतून याहून नेमकं काही निघत नाही.

‘पण माझे मार्क तर वाढतायत!’ तर मग क्रम बघा. स्प्रेडशीटचं फोरकास्ट (FORECAST) सूत्र आलेल्या मार्कांतून एक सरळ रेषा काढून पुढच्या पेपरचा अंदाज देतं. वरच्या क्रमाने ते चालवलं तर रेषा अगदी सपाट येते आणि सातव्या पेपरलाही 64 च सांगते. तेच सहा आकडे 54, 62, 58, 66, 71, 73 असे आले असते, तर सरासरी तीच, पण सातव्या पेपरचा अंदाज 77. अशा वेळी नुसती सरासरी मुलावर अन्याय करते. मात्र हीच रेषा पुढे ओढत नेली की चौदाव्या पेपरला 100 पैकी 103 दाखवते. म्हणून मी ती पुढच्या एकदोन पेपरांपुरतीच वापरते.

सूत्रांपेक्षा मला जास्त काळजी असते ती शेजारच्या रकान्यांची. पेपर घड्याळ लावून सोडवला का? मधे उठलात का? त्यातले प्रश्न आधी पाहिलेले होते का? दुसऱ्यांदा सोडवलेल्या पेपरचे मार्क मी या हिशेबात घेतच नाही. ते आठवणीचे मार्क आहेत. तुक्क्याचे प्रश्नही वेगळे लिहायला सांगते. चार पर्यायांचे, एकेका मार्काचे 20 प्रश्न निव्वळ तुक्क्याने सोडवले आणि निगेटिव्ह मार्किंग नसेल, तर सरासरी 5 बरोबर येतात, पण एखाद्या दिवशी 3, एखाद्या दिवशी 7. अभ्यास तोच, तरी चार मार्कांचा फरक.

आणि पास व्हायला 60 लागत असतील, तर 64 ची सरासरी बघून निर्धास्त होऊ नका. पहिल्या, सपाट क्रमाच्या शीटप्रमाणे तीनात जवळपास एकदा मार्क 60 च्या खाली जातील. हे वाक्य मुलांना ऐकवताना मला जड जातं, तरी परीक्षेला तीन आठवडे उरलेले असताना ते कळलेलं बरं. तेवढ्या दिवसांत आणखी चार पेपर घड्याळ लावून सोडवून होतात.