बाबांच्या कॉम्प्युटरला झालेले पाच व्हायरस

आईचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटरला पाच व्हायरस झालेत. तोच सांगतोय!"

गावी जाऊन पाहिलं, तर दर दोन मिनिटांनी खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवत होती. सोबत 'आत्ताच रिन्यू करा'चं बटण. बाबा कार्ड काढून तयारच होते. योगायोग असा की दुकानदारानं घालून दिलेल्या अँटिव्हायरसची मुदत खरोखरच त्याच महिन्यात संपली होती.

चौकटीवर बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एक अनोळखी साइट दिसली, तिथे माझी ट्यूब पेटली. बाबांनी पंचांग बघताना कुठेतरी 'अलाऊ' दाबलं होतं आणि ती साइट व्हायरसच्या खोट्या इशाऱ्यांची नोटिफिकेशन पाठवत सुटली होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून तिची परवानगी काढली. पाचही व्हायरस गेले!

आता खरा प्रश्न: पैसे भरून अँटिव्हायरस पुन्हा घ्यायचा का? दुकानदार म्हणाला, "दादा, त्याशिवाय नेट लावूच नका." पण विंडोजमध्ये डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस २०१२ पासून, म्हणजे विंडोज ८ पासून, आयताच येतो. दुसरा अँटिव्हायरस चालू असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. म्हणून जुना काढून टाकला, मशीन रीस्टार्ट केलं. विंडोज सिक्युरिटीत हिरवी खूण आली.

बाबांचा विश्वास बसेना. मग 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची चाचणीची ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून सेव्ह केली. ती निरुपद्रवी असते, पण अँटिव्हायरसनं तिला व्हायरस समजून पकडायचं असं ठरलेलं आहे. डिफेंडरनं लगेच फाइल उचलली. बाबा म्हणाले, "परत कर." तीनदा केलं.

खरी परीक्षा झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हनं घेतली. आत सगळ्या फोल्डरांचे नुसते शॉर्टकट. डिफेंडरनं व्हायरस काढला, पण खरे फोल्डर लपलेलेच राहिले. ते कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ॲट्रिब' ही लपलेल्या फाइली उघड करणारी कमांड चालवून मी बाहेर काढले. तोवर आईचा चेहरा पडला होता, लग्नाचे फोटो त्यातच होते. त्याच संध्याकाळी ते वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवले आणि डिस्क काढून कपाटात ठेवली.

अपडेटवरून मात्र वाद झाला. बाबा कायम 'नंतर आठवण करा' दाबतात. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, गोष्ट सांगितली: विंडोजमधल्या ज्या भोकातून तो पसरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. "मग दोन महिने काय करत होते लोक?" बाबांनी विचारलं. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

निघताना 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू केलं, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये ढवळाढवळ करता येत नाही. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन: "कुंडली सेव्ह होत नाहीये." त्यांचा जुना कुंडलीचा प्रोग्रॅमच अनोळखी ठरला होता. त्याला परवानगी कशी द्यायची हे फोनवरून सांगण्यात अर्धा तास गेला.