एसएमपीएसच्या पाटीवरचा बारा व्होल्टचा रकाना

आमच्याकडे लग्नांचे चित्रीकरण माझे दीर करतात आणि त्याचे संकलन मी करते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाला आजूबाजूच्या दहा-बारा गावांची कामे येतात. हळदीपासून वरातीपर्यंतचे सगळे आता लोकांना फोर-केमध्ये हवे असते. डाव्हिंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर आपले बरेचसे काम ग्राफिक्स कार्डावर टाकते आणि आमच्या संगणकात तर वेगळे कार्डच नव्हते, त्यामुळे एका लग्नाची फाईल बाहेर काढायला रात्र पुरत नसे. म्हणून मागच्या दिवाळीनंतर आम्ही १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड घ्यायचे ठरवले.

संगणक २०२० मध्ये असेंबल करून घेतलेला, इंटेल कोअर आय५-१०४०० प्रोसेसरचा. त्यातला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलून देणारा डबा, कॅबिनेटसोबतच आलेला होता. तो हे कार्ड पेलेल का, एवढाच माझा प्रश्न होता, आणि दुकानदाराने तो अर्ध्या मिनिटात निकालात काढला. "साडेचारशे वॅटचा हाय ना ताई, कोणतंबी कार्ड चालते," असे ते म्हणाले. घरी आल्यावर मी कॅबिनेटची बाजू उघडली, बॅटरी लावून एसएमपीएसवरची पाटी वाचली आणि एक कागद घेऊन बसले. त्या कागदावर जे निघाले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या ठिकाणी कार्ड घेणाऱ्या अनेकांना हेच उत्तर मिळत असणार.

पाटीवर मोठ्या अक्षरांत ४५० हा आकडा होता खरा, पण तो मॉडेलच्या नावात होता आणि त्याच्यापुढे वॅट हा शब्द कुठेही नव्हता. खरी माहिती त्याखालच्या तक्त्यात असते. प्रत्येक व्होल्टेजचा एक रकाना असतो आणि त्याखाली त्या व्होल्टेजवर जास्तीत जास्त किती अँपिअर मिळतील ते छापलेले असते. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. आमच्या पाटीवर ३.३ व्होल्टखाली १४ अँपिअर, ५ व्होल्टखाली १५ आणि १२ व्होल्टखाली १८ अँपिअर होते. म्हणजे अनुक्रमे ४६, ७५ आणि २१६ वॅट. उरलेल्या दोन किरकोळ रकान्यांचे १४ वॅट धरले तरी एकूण बेरीज ३५१ वॅटच भरते. हे सर्व रकाने एकाच वेळी पूर्ण भरून वापरता येतील असेही नसते, कारण ३.३ आणि ५ व्होल्टची एकत्रित मर्यादा बहुधा वेगळी दिलेली असते आणि ती बेरजेपेक्षा कमी असते.

तरीही ३५१ हा आकडासुद्धा आपल्या कामाचा नाही. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारांतून घेतात, म्हणून एसएमपीएसची ताकद म्हणजे व्यवहारात त्या एका रकान्याची ताकद होय. ३.३ आणि ५ व्होल्टवर कितीही वॅट शिल्लक पडले असले तरी ते कार्डाला मिळत नाहीत. काही पाट्यांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात, तेव्हा त्या दोघांचे अँपिअर सरळ मिळवायचे नसतात. दोघांची एकत्रित कमाल वॅटमध्ये वेगळी छापलेली असते आणि तीच धरायची.

आता खर्चाची बाजू. आय५-१०४०० ची ओळख ६५ वॅटचा प्रोसेसर अशी आहे, परंतु जोर लावण्याच्या काळात इंटेलने त्याला १३४ वॅटपर्यंत जाण्याची मुभा दिलेली आहे. ही मुभा काही सेकंदांची असावी असा संकेत असला तरी अनेक मदरबोर्ड ती मर्यादा पाळत नाहीत, म्हणून मी १३४ च धरले. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. हार्ड डिस्कची मोटर आणि पंखे यांचे १२ व्होल्टवरचे १५ वॅट. हे झाले ३१९ वॅट, म्हणजे साधारण साडेसव्वीस अँपिअर, आणि पाटीवर होते १८. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तो सल्ला वरवर फार मोठा वाटतो, पण ग्राहकाकडे कोणता प्रोसेसर आहे हे कंपनीला ठाऊक नसते. शिवाय कार्डाचे १७० वॅट ही सरासरी असते. काही मिलिसेकंदांपुरती त्याची मागणी याच्या बरीच वर उसळी घेते आणि कमकुवत एसएमपीएस नेमका अशा उसळीला बंद पडतो.

मग लहान कार्ड घ्यावे का, असाही विचार केला. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॅटचा आहे. मदरबोर्डावरच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात, त्यामुळे या कार्डाच्या बहुतेक आवृत्त्यांना वेगळी तार लागत नाही. वेगळी तार लागत नाही म्हणजे कोणत्याही संगणकात चालते, असा समज आमच्याकडे सर्रास आहे. पण खाचेतले ७५ वॅटसुद्धा शेवटी त्याच एसएमपीएसमधून येतात. १३४, ७० आणि १५ मिळून २१९ होतात आणि आमचा रकाना होता २१६ चा. एवढ्या मोजक्या सामग्रीवर रात्रभर चालणारे काम सोडायला माझे मन तयार होईना.

तारेचा प्रश्न याहून सोपा होता, पण त्यातला धोका मोठा होता. आरटीएक्स ३०६० ला सहसा एक आठ पिनांची तार लागते आणि त्या तारेने १५० वॅटपर्यंत वीज देणे अपेक्षित असते. आमच्या एसएमपीएसला ती तारच नव्हती. दुकानात त्यावर साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, जोडाचा आठ पिनांत बदल करणारा कन्व्हर्टर पुढे आला. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. ज्या जोडाची क्षमता ५४ वॅट आहे त्याच्या टोकाला १५० वॅटचे तोंड बसवले तर प्लास्टिक वितळते आणि जाळही होऊ शकतो. माझे ठाम मत आहे की असा कन्व्हर्टर कोणीही, तात्पुरतासुद्धा, वापरू नये. ज्या एसएमपीएसला कार्डाची तार मुळातच दिलेली नाही, त्याच्या बनवणाऱ्यानेच तो कार्डासाठी नाही हे सांगून ठेवलेले असते. प्रोसेसरची आठ पिनांची तार दिसायला तशीच असते, पण तिच्यात पिवळ्या आणि काळ्या तारांच्या जागा उलट असतात. ती जोर लावून कार्डात बसवण्याचा विचारही करू नये.

इथपर्यंतचा हिशेब मुंबईत आणि आर्वीत सारखाच. यापुढचा आमच्या भागाचा आहे आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. आमचे घर वस्तीच्या टोकाला आहे आणि आमची लाईन ज्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) येते तिच्यावरच ओलिताचे मोटर पंप आहेत. हरभरा, गहू आणि संत्र्याच्या बागा यांच्या ओलितासाठी थ्री फेज लाईन कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रपाळीच्या दिवशी सगळे पंप एकदम सुरू होतात, लांबलचक तारांमध्ये व्होल्टेज पडते आणि घरातला पंखा रेंगाळू लागतो. गावातल्या वायरमनभाऊंना बोलावून मी अशा एका रात्री मोजमाप करून घेतले, तर २३० व्होल्टच्या जागी १७२ भरले. आमच्या एसएमपीएसच्या पाटीवर मात्र इनपुट म्हणून २०० ते २४० व्होल्ट एवढेच लिहिलेले होते. त्याच वेळी त्याच्या जुन्या चार पिनांच्या जोडात पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टीमीटर लावला. १२ व्होल्टला पाच टक्के कमीजास्त चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. फाईल बाहेर काढण्याचे काम चालू असताना आमच्याकडे ११.५ दिसत होते, आणि तेही कार्ड नसताना.

यासाठी इनपुटला १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएसच घ्यायचा, असे मी ठरवले. असा एसएमपीएस कमी व्होल्टेजवर आपली वीज अधिक अँपिअर ओढून भागवतो. भिंतीतून ४०० वॅट घ्यायचे असतील तर २३० व्होल्टला पावणेदोन अँपिअर लागतात आणि १७० ला साधारण २.३५, त्यामुळे बोर्डातली तार आणि सॉकेटही तपासून घेतले. हे संरक्षण केवळ पडलेल्या व्होल्टेजपुरते आहे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात आणि त्यापुढे कोणत्याही एसएमपीएसचा निभाव लागत नाही, म्हणून जादा व्होल्टेजला लाईन तोडणारे कट-ऑफ वेगळे बसवले.

उन्हाळ्याचाही विचार करावा लागला. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवलाचे नाही, आणि लाईन गेल्यावर कूलर बंद पडला की खोलीच तापलेल्या माठासारखी होते. चांगल्या एसएमपीएसच्या माहितीपत्रकात तो पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत देईल ते लिहिलेले असते. कुठे ४० अंश, कुठे ५० अंश. आपल्याकडे ५० चाच घ्यावा. त्यातल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, आणि आमच्या मागच्या खोलीत तर भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेला असतो. त्याचे तंतू पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. जाळी मी बाहेरूनच ब्रशने साफ करते. एसएमपीएस उघडून साफ करू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब काही वेळ राहू शकतो.

शेवटी नागपूरला बर्डीवरून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला एसएमपीएस आणला. त्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यात ४४ अँपिअर आहेत, म्हणजे ५२८ वॅट. ब्रॉन्झ या शिक्क्याचा अर्थ छापलेल्यापैकी ८० टक्केच वीज मिळते असा अनेक जण लावतात, ते बरोबर नाही. संगणकाला ५५० वॅट पूर्ण मिळतात. भिंतीतून मात्र त्याहून जास्त ओढले जातात. हा फरक मला नेमका यूपीएसपाशी नडला. संगणकाची एकूण गरज ३५० वॅट धरली, तर ८५ टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून ४१२ वॅट जातात, शिवाय मॉनिटरचे २५ वेगळे. आमचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचाच होता, कारण व्हीए आणि वॅट हे एक नव्हेत. लाईन गेली की तो किंचाळून बंद पडला असता. त्यामुळे १००० व्हीएचा, ६०० वॅटचा घ्यावा लागला आणि कार्डाचा खर्च ठरवताना हा खर्च मी धरलेला नव्हता, हे कबूल करते.

नवीन एसएमपीएस बसवताना वायरमनभाऊंनी अर्थिंग पाहिले, तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकातली तार भिंतीतच संपलेली होती. कॅबिनेटला हात लावला की येणाऱ्या झिणझिण्या आम्ही इतकी वर्षे सवयीने सोसत होतो. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसली की पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घालून पट्टी पुरली. त्यानंतरच कार्ड बसवले आणि पंपांच्या रात्रीची वाट पाहिली. भिंतीत १७४ व्होल्ट, प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण कामात, आणि मल्टीमीटरवर १२ व्होल्टच्या जागी ११.९४. जेवणे आटोपून परत येईतो दिरांनी खरांगण्याहून आणलेल्या लग्नाची फाईल तयार होती.